उम्म बाब, बोअर क्रमांक सात

रिग पहाटे साडेतीनला सुरू होतं,
दहानंतर उन्हात काम करायला बंदी.
धुकं सिमेंट कारखान्याच्या दिव्यांना चिकटलेलं,
माझी वेणी हेल्मेटखाली ओली.
खडकाचे दंडगोल मी लाकडी पेटीत मांडते,
मीटरमागून मीटर,
पाण्याने पुसून, खुणेचा बाण खालच्या दिशेला.

पिवळट चुनखडी. तिच्यात फिकट ठिपके,
बोटाएवढे, काही गोल, काही लांबुडके.
नोंदवहीत त्यांच्यासाठी अर्ध्या इंचाचा रकाना आहे.
मी लिहिते : बिळं. भरलेली.
पुढचा मीटर.

दंडगोलात फक्त ठिपका दिसतो.
पलीकडे रस्त्यासाठी टेकडी कापलीय,
तिथे उभं राहिलं की कळतं.
वाऱ्याने मऊ खडक खरवडून नेलाय
आणि बिळांतला कठीण गाळ तेवढा बाहेर आलाय :
फाटे, फाट्यांना फाटे,
आल्याच्या गड्ड्यासारखे एकमेकांत गेलेले.
जिथे फाटा फुटतो तिथे थोडा फुगवटा.

बशीर मुकादम, ड्रिलर, बाणकोटचा,
फुगवट्यावर अंगठा ठेवून विचारतो, हे कशाला?
मी सांगते, आत कोळंबीच्या जातीचं काहीतरी असणार,
सापडलं कधीच नाही, पण बीळ तसंच आहे.
अरुंद वाटेत त्याला मागे फिरता येत नसेल,
म्हणून नाक्यावर वळण्यापुरती जागा कोरलेली.
तो हसतो. "आमच्या खोलीत सहा खाटा, बाय.
एकाला वळायचं तर दुसऱ्यानं पाय वर घ्यायचे."
मग स्वतःशीच,
"ह्याला अक्कल होती."

किती वर्षं झाली, तेही तो विचारतो.
दीड-दोन कोटी, मी म्हणते,
आणि मलाच ते पगाराच्या आकड्यासारखं ऐकू येतं,
दुसऱ्याच्या पगाराच्या.
तो म्हणतो, खाजणात कुर्लीच्या बिळात हात घालायचा
तर आधी ओल बघायची.
तोंडाशी ताजा चिखल असला तर घरात आहे.
इथे तोंडाशी धूळ.

तीन मीटर चाळीसवर पाणी परत येईना.
नळीतून जातंय, वर काही नाही.
टाकी अर्धी झाली. रोहेलियोने वॉकीटॉकीवर शिवी दिली,
त्याच्या भाषेत, पण कळली.
बशीरने पंप मंद केला, कान लावला,
"पानी गेलं कुठं, बाय?"

सापडलं ते मुतायला गेलेल्या पोराला.
धावत आला, शब्द सुचेनात, हातानेच दाखवलं.
कापलेल्या टेकडीच्या अंगात, रिगपासून बारा पावलांवर,
एका न भरलेल्या फाट्यातून
पाणी बाहेर येत होतं.
दुधाळ. करंगळीएवढी धार.
आधी थोडी वाळू ओकली, मग सुरळीत.

भरती यायची तेव्हा असंच येत असेल.
या नाक्याने आत, त्या नाक्याने बाहेर,
खोदणारा मध्ये कुठेतरी
पायांनी पाणी मागे ढकलत.
त्यानंतर समुद्र गेला, परत आला, पुन्हा गेला,
वर मीठ साचलं, मग वाळू, मग आमचा कंत्राटदार,
आणि वाट अजून चालू.

बशीरने बूट काढले. का ते विचारलं नाही.
ओंजळ धरली, वास घेतला,
डिझेलचा असणार, आमच्याच टाकीचं पाणी ते,
तरी जरा वेळ तसाच बसून राहिला.
पोरगं फोनवर व्हिडिओ काढत होतं.
उजाडायला लागलं होतं.

मग रोहेलियो आला, म्हणाला, सिमेंट ओता, बुजवा,
इथे खांब येणार आहे.
बरोबरच आहे त्याचं.
सात गोणी गेल्या. आठवी अर्धी.
धार आधी दाट झाली, मग राखाडी, मग थेंब.

वहीत मी लिहिलं :
३.४० ते ४.१०, पाणी पूर्ण गेले.
कारण, जोडलेली बिळं.
रकाना संपला.
समासात जागा होती, तिथे पेन्सिलीने
एक फाटा काढला, त्याला दुसरा,
आणि जिथे ते फुटतात तिथे
थोडी जागा सोडली.